नात्यांचा नकाशा

आपल्या मोबाईलमध्ये किती जणांची नावे आहेत, असे कोणी विचारले तर आकडा चटकन सांगता येतो. कोणाकडे तीनशे, कोणाकडे सहाशे, तर कोणाकडे हजारसुद्धा. पण यांपैकी कोणती माणसे एकमेकांशी बोलतात? वर्षभरात कोणाशी एकदाही बोलणे झालेले नाही? कोणाची खुशाली आपल्याला थेट न कळता तिसऱ्याच माणसाकडून कळते? या प्रश्नांची उत्तरे त्या यादीत नसतात. यादीत नावे वर्णानुक्रमाने लागलेली असतात. त्यामुळे 'मावशी'च्या खाली 'मिक्सर दुरुस्ती' येते आणि दोघांना सारखीच जागा मिळते.

नातेसंबंधांची रचना यादीसारखी नसते, जाळ्यासारखी असते. जाळे समजून घ्यायचे तर ते काढून पाहावे लागते. माणसांसाठी बिंदू आणि संबंधांसाठी रेघा काढायच्या, एवढीच मूळ कल्पना आहे. या साध्या चित्रातून काय दिसते, संगणक ते कसे काढतो आणि नाती टिकवण्याच्या कामी त्याचा उपयोग कितपत होतो, ते या लेखात पाहू.

बारा बिंदू, सोळा रेघा

पुणे-सातारा महामार्गालगत, भोर तालुक्यात कामथडी हे गाव आहे. या परिसरातील अनेक घरांची माणसे पूर्वीपासून पुण्या-मुंबईला कामासाठी गेलेली आहेत. अलीकडे नीरा नदीपलीकडच्या शिरवळच्या कारखान्यांतही पुष्कळ तरुण जातात. अशाच एका तरुणाचे उदाहरण घेऊ. उदाहरण काल्पनिक आहे, पण त्यातील माणसे प्रत्येकाच्या ओळखीची वाटतील.

या तरुणाची जवळची बारा माणसे आहेत. गावातील भावकीत काका, काकू आणि चुलतभाऊ. मुंबईत आत्या, आतेभाऊ आणि आतेबहीण. शाळेपासूनचे तीन मित्र. कारखान्यातील तीन सहकारी. ज्या दोघांचे गेल्या वर्षभरात स्वतःहून एकमेकांशी बोलणे झाले असेल, त्यांच्यामध्येच रेघ काढायची असा नियम आपण ठरवू. केवळ तोंडओळख असली तर रेघ नाही.

प्रत्येक गटातील तिघे आपापसात बोलतात. म्हणजे गटाला ३ रेघा आणि चार गटांच्या मिळून १२. आत्या आपल्या भावाशी आणि भावजयीशी बोलते, त्या आणखी २. चुलतभाऊ पहिल्या मित्राच्या बोलण्यात आहे, ती १. दुसरा मित्र कारखान्यातील एका सहकाऱ्याशी बोलतो, ती १. एकूण रेघा १६ झाल्या. बारा माणसांमध्ये जास्तीत जास्त किती रेघा असू शकतात? प्रत्येकाने उरलेल्या ११ जणांशी जोडले जायचे आणि प्रत्येक रेघ दोनदा मोजली गेली म्हणून २ ने भागायचे: १२ × ११ ÷ २ = ६६. तेव्हा शक्य असलेल्या रेघांपैकी सुमारे एक चतुर्थांश रेघाच प्रत्यक्षात आहेत.

या चित्रात आपण त्या तरुणाला स्वतःला काढलेलेच नाही, हे लक्षात आले असेल. असे मुद्दामच केले आहे. तो मध्ये असेल तर त्याच्याकडून बाराही जणांकडे रेघा जातील आणि सगळे सगळ्यांशी जोडलेले दिसतील. त्याला बाजूला ठेवले की ही माणसे त्याच्याशिवाय एकमेकांशी कशी जोडलेली आहेत, ते उघड होते.

आता आत्याच्या बिंदूवर बोट ठेवा. तो बिंदू आणि त्याच्या रेघा नाहीत अशी कल्पना करा. आतेभाऊ आणि आतेबहीण एकमेकांशी जोडलेली राहतात, पण उरलेल्या जाळ्यापासून पूर्ण तुटतात. या तरुणाकडे दोघांचे नंबर आहेत. तरीही वर्षानुवर्षे त्यांची बातमी आली ती आत्याकडूनच. आत्या गेल्यावर पुढच्या चार-पाच वर्षांत काय होते, हे अनेक घरांनी अनुभवले आहे. भांडण होत नाही, कोणी रागावत नाही. हळूहळू एक अख्खी शाखा मात्र नजरेआड होते.

ज्याला काढले असता जाळ्याचे तुकडे पडतात, अशा बिंदूला आपण 'सेतू' म्हणू. या चित्रात आणखी चार सेतू आहेत: चुलतभाऊ, पहिला मित्र, दुसरा मित्र आणि त्याच्याशी बोलणारा सहकारी. विद्यार्थ्यांना ते शोधून काढायला सांगावे. यात एक गोष्ट विशेष आहे. काकांना ३ रेघा आहेत आणि चुलतभावालाही ३. पण काकांना काढले तर जाळे अखंड राहते, कारण आत्या काकूंशीही बोलते. चुलतभावाला काढले तर घर एकीकडे आणि मित्र दुसरीकडे असे दोन तुकडे पडतात. एखाद्या माणसाला किती रेघा आहेत यापेक्षा त्या कोठे जातात याला महत्त्व आहे. ही गोष्ट यादी पाहून कधीच कळली नसती.

आपले जुने नकाशे

नात्यांची नोंद ठेवण्याची गरज माणसाला फार पूर्वीपासून वाटत आली आहे. नाशिक आणि त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत अनेक घराण्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदी आहेत. सीमाभागात हेळवी गावोगाव फिरून घराण्यांच्या वंशावळी सांगत आले.

वंशावळीचे चित्र झाडासारखे असते. झाडाच्या फांद्या फुटत जातात, पण पुन्हा एकमेकींना मिळत नाहीत. शिवाय आपल्याकडील वंशावळ बहुधा बापाकडून मुलाकडे जाते. मुलगी लग्न होऊन सासरी गेली की त्या फांदीवर पुढे काही लिहिले जात नाही. प्रत्यक्षात मात्र दोन गावांना जोडून ठेवते ती हीच मुलगी. सणाला माहेरी येणारी, दोन्हीकडच्या बातम्या दोन्हीकडे पोहोचवणारी, लग्नाची स्थळे सुचवणारी. वर पाहिलेली आत्या वंशावळीत फार तर एक नाव म्हणून दिसली असती. तिची मुले दिसलीच नसती.

या बाबतीत आपली भाषा वंशावळीच्या पुढे गेलेली आहे. 'आतेभाऊ' या एका शब्दात वडील, त्यांची बहीण आणि तिचा मुलगा असा जाळ्यातील पूर्ण रस्ता सांगितलेला आहे. मामेभाऊ, मावसभाऊ, चुलतभाऊ यांचे रस्ते वेगळे, म्हणून शब्दही वेगळे. इंग्रजीत या चौघांनाही एकच 'कझिन'. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये काम केलेल्या इरावती कर्वे यांनी भारताच्या निरनिराळ्या भागांतील अशा नातेवाचक शब्दांचा आणि विवाहसंबंधांचा अभ्यास करून १९५३ साली भारतीय नातेव्यवस्थेवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. मानवशास्त्रज्ञांच्या आकृत्यांत पुरुषासाठी त्रिकोण आणि स्त्रीसाठी वर्तुळ वापरतात. तेथे लग्नामुळे जोडल्या गेलेल्या दोन्ही बाजू काढता येतात.

वसतिगृहातून पळालेल्या मुली

नातेसंबंधांऐवजी मैत्रीचे जाळे काढण्याचे काम प्रथम मोठ्या प्रमाणावर केले ते मनोवैद्य जेकब मोरेनो यांनी. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात हडसन येथे मुलींची एक सुधारशाळा होती. १९३२ साली तेथून दोन आठवड्यांत १४ मुली पळून गेल्या. मुलींच्या स्वभावांत किंवा पूर्वेतिहासात याचे कारण सापडेना. मोरेनो आणि त्यांच्या सहकारी हेलन जेनिंग्ज यांनी कोणाला कोणाची सोबत हवीशी वाटते हे मुलींना विचारून त्याची चित्रे काढली. पळालेल्या मुली वेगवेगळ्या घरांत राहत असल्या तरी मैत्रीच्या साखळीने एकमेकींशी जोडलेल्या होत्या आणि पळून जाण्याची कल्पना त्या साखळीतून पुढे सरकली होती, असे मोरेनो यांनी दाखवले. ३ एप्रिल १९३३ रोजी 'न्यूयॉर्क टाइम्स'ने या चित्रांची बातमी छापली. १९३४ साली मोरेनो यांचे पुस्तक आले.

बी.एड.च्या अभ्यासक्रमात 'समाजमिती' शिकलेल्या शिक्षकांना ही पद्धत परिचित असेल. वर्गातील प्रत्येक मुलाला 'तुला कोणाशेजारी बसायला आवडेल' असे विचारून जो समाजालेख काढतात, तो मोरेनो यांचाच वारसा आहे.

संगणक चित्र कसे काढतो?

बारा बिंदू कागदावर हाताने मांडता येतात. पाचशे मांडता येत नाहीत. कोणता बिंदू कोठे ठेवावा म्हणजे जाळे समजेल, हा खरा प्रश्न आहे. १९८४ साली पीटर ईड्स यांनी त्याचे उत्तर भौतिकशास्त्रातून घेतले. १९९१ साली फ्रुक्टरमन आणि राइनगोल्ड यांनी ती रीत आणखी सुधारली.

प्रत्येक बिंदू म्हणजे सारख्याच विद्युतभाराचा एक मणी आहे असे समजा. सगळे मणी एकमेकांना दूर ढकलतात. प्रत्येक रेघ म्हणजे एक स्प्रिंग. ती आपल्या टोकांचे दोन मणी जवळ ओढते. सुरुवातीला मणी कसेही विखरून टाकायचे. मग प्रत्येक मण्यावरील ओढ आणि रेटा यांची बेरीज काढून त्याला त्या दिशेने किंचित सरकवायचे. असे शेकडो वेळा केले की मणी स्थिरावतात. ज्यांच्यात पुष्कळ स्प्रिंगा आहेत ते आपोआप एकत्र गोळा होतात आणि ज्यांच्यात नाहीत ते लांब जातात. हे गट भावकीचे, ते कारखान्याचे, असे संगणकाला कोणी सांगितलेले नसते. तरीही गट चित्रात उमटतात.

पाचशे मण्यांसाठी प्रत्येक पावलाला ५०० × ४९९ ÷ २, म्हणजे १,२४,७५० जोड्यांचा रेटा मोजावा लागतो. हे काम संगणकावरच सोपवलेले बरे.

अशी चित्रे वाचताना दोन बाबतींत सावध राहावे. एक, सुरुवातीची मांडणी बदलली की तेच जाळे वेगळे दिसू शकते. वर कोण, खाली कोण याला काही अर्थ नसतो. रेघा कोठून कोठे जातात तेवढेच खरे. दुसरे, रेघा फार झाल्या की काहीच दिसेनासे होते. फणीत अडकलेली गुंतवळ दिसते, तसे ते चित्र दिसते. म्हणून गटांना रंग देणे, एका वेळी एकाच माणसाच्या रेघा ठळक करणे, असे उपाय योजावे लागतात.

पडद्यावर आलेली नाती

२००० नंतर फ्रेंडस्टर, ऑर्कुट, फेसबुक अशी संकेतस्थळे आली आणि कोण कोणाचा मित्र याची प्रचंड नोंद आपोआप तयार होऊ लागली. २००५ साली कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठात जेफ्री हीर आणि डॅना बॉइड यांनी फ्रेंडस्टरवरील मैत्री दाखवणारा 'विझ्स्टर' हा प्रोग्राम तयार केला. एका नावावर टिचकी मारली की त्याचे मित्र उलगडायचे, गट रंगीत दिसायचे. एका समारंभात तो पडद्यावर लावला तेव्हा लोक घोळक्याने पडद्यापुढे उभे राहून 'अरे, हा याला कसा ओळखतो?' अशा गोष्टी एकमेकांना सांगू लागले. चित्राने माहिती तर दिलीच, शिवाय माणसांना बोलते केले.

२०१३ साली एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये 'इमर्शन' तयार झाले. ते ईमेलमधील मजकूर वाचत नसे. कोणी, कोणाला आणि केव्हा पाठवले एवढ्यावरूनच ते जाळे काढत असे. काळाची पट्टी मागेपुढे सरकवली की जुनी नोकरी, जुने शहर, तेव्हाचे मित्र एकेक गट होऊन मोठे होताना आणि विरून जाताना दिसत. मजकूर न वाचताही माणसाचे आयुष्य किती उघडे करता येते, हेही त्यातून दिसले.

यातील बरीचशी साधने आता इतिहासजमा झाली आहेत. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. फेसबुकने २०१५ साली मित्रांची माहिती बाहेरच्या प्रोग्रामना देण्याची जुनी सोय बंद केली आणि घरच्या संगणकावर आपल्या मित्रांचे जाळे काढणे थांबले. त्याला सबळ कारण होते. नकाशे काढणारे ज्या वाटेने माहिती घेत, त्याच वाटेने आधी एका प्रश्नावलीच्या निमित्ताने लोकांची आणि त्यांच्या मित्रांचीही माहिती गोळा केली गेली होती. केंब्रिज ॲनालिटिका प्रकरण म्हणून ते २०१८ साली उघडकीस आले. बाधितांची संख्या ८ कोटी ७० लाखांपर्यंत असावी, असे फेसबुकने सांगितले. यातील बहुतेकांनी ती प्रश्नावली पाहिलीही नव्हती. आपल्या जाळ्याचे चित्र काढताना आपण नेहमीच इतरांची माहिती वापरत असतो, हा यातला धडा आहे.

टिकवायचे तर काय दिसायला हवे?

एखादी रेघ एकदा काढली की कायमची राहते, असे बहुतेक चित्रांत गृहीत असते. नात्यांचे तसे नसते. सॅम रॉबर्ट्स आणि रॉबिन डनबार यांनी ब्रिटनमध्ये शाळा सोडून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांचा १८ महिने मागोवा घेतला. भेटणे-बोलणे कमी झाले की मित्रांविषयीची जवळीक लवकर ओसरते, रक्ताच्या नात्यातील जवळीक त्या मानाने टिकते, असे त्यांना आढळले. म्हणजे मैत्रीला नात्यापेक्षा अधिक निगराणी लागते. त्याचबरोबर नाते आपोआप टिकते या भरवशावर ते सोडून दिले जाते, हेही आपण आत्याच्या उदाहरणात पाहिले.

माणूस सुमारे १५० जणांशीच खरे संबंध ठेवू शकतो, असा अंदाज डनबार यांनी १९९२ पासून मांडला आहे. त्या नेमक्या आकड्यावर २०२१ साली स्वीडनमधील संशोधकांनी आक्षेप घेतला. आकडा कोणताही असो, दिवसाचे तास मर्यादित आहेत याबद्दल वाद नाही. सहाशे नावांपैकी कोणाला वेळ द्यायचा, ही निवड आपण करतोच. फक्त ती नकळत करतो.

निवड करताना केवळ जवळच्यांनाच धरून ठेवावे असेही नाही. अमेरिकेतील मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली ओळखीतून नोकरी मिळालेल्यांचा अभ्यास मांडला. ज्याच्याकडून नोकरीची बातमी कळली त्याला वारंवार भेटणारे सुमारे १७ टक्केच निघाले. सुमारे ५६ टक्के अधूनमधून, तर २८ टक्के क्वचितच भेटणारे होते. जवळच्या माणसांना बहुधा तेच माहीत असते जे आपल्याला माहीत असते. नवी बातमी लांबच्या, पातळ रेघेवरून येते.

तेव्हा उपयोगी चित्रात तीन गोष्टी हव्यात: माणूस किती जवळचा, शेवटचे बोलणे केव्हा झाले आणि त्याची खुशाली थेट कळते की कोणामार्फत. यासाठी संगणकाची गरज नाही. १९८० साली मिशिगन विद्यापीठातील रॉबर्ट कान आणि टोनी अँटोनुची यांनी एकात एक तीन वर्तुळे काढण्याची सोपी रीत सुचवली. मध्ये आपण, आतल्या वर्तुळात ज्यांच्यावाचून आयुष्याची कल्पना करवत नाही ते, त्याबाहेर क्रमाने इतर.

विद्यार्थ्यांसाठी उपक्रम

सुट्टीत प्रत्येक विद्यार्थ्याने घरातील आजी किंवा आजोबांसोबत बसून असे चित्र काढावे. तीन वर्तुळे काढून त्यांचे माहेर, सासर, गाव, काम असे भाग पाडावेत. आजी सांगेल तसे बिंदू मांडावेत. महिन्याभरात बोलणे झाले असेल तर हिरवा, वर्षभरात झाले असेल तर पिवळा, त्याहून जुने असेल तर लाल. जी माणसे एकमेकांशी बोलतात त्यांच्यात रेघ काढावी. ज्याची खुशाली दुसऱ्याकडून कळते, त्याच्यापासून त्या दुसऱ्यापर्यंत तुटक रेघ काढावी. घरातील मुलींची आणि सुनांची नावे वगळली जात नाहीत ना, हे मुद्दाम पाहावे.

आजींना हे जाळे तोंडपाठ असते, याचे नवल वाटायला नको. अभिजित बॅनर्जी, एस्तेर दुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कर्नाटकातील खेड्यांत घरोघरी विचारून संबंधांची जाळी तयार केली. 'एखादी बातमी गावभर कोण उत्तम पोहोचवील?' असे साधेपणाने विचारल्यावर गावकऱ्यांनी जी नावे सांगितली, ती त्या जाळ्यांत मध्यवर्ती ठरणाऱ्यांचीच निघाली. त्यांचा हा निबंध २०१९ साली प्रसिद्ध झाला.

चित्र पुरे झाले की गणित करावे. प्रत्येक बिंदूच्या अखंड रेघा मोजून बेरीज करावी. ती एकूण अखंड रेघांच्या दुप्पट आली पाहिजे. आपल्या उदाहरणात ती १६ च्या दुप्पट, म्हणजे ३२ येते. मग सेतू शोधावेत. शेवटी एकच प्रश्न: कोणता गट एकाच माणसावर टांगलेला आहे? त्या गटातील एखाद्याला आजीच्या देखत थेट फोन करावा आणि चित्रात आपली एक नवी रेघ जोडावी. आत्या असतानाच आतेभावाशी थेट बोलणे सुरू झाले, तर पुढे जाळे तुटत नाही.

शिक्षकांसाठी एक सूचना. वर्गाचा समाजालेख काढायचा असेल तर तो फळ्यावर काढू नये आणि मुलांना दाखवू नये. चाळीस मुलांच्या वर्गात ७८० जोड्या असतात, तरी एखाद्या मुलाकडे एकही रेघ येत नाही. ते चित्र सगळ्यांसमोर आले तर त्या मुलाचे एकटेपण जाहीर होईल. शिक्षकाने ते स्वतःपुरते ठेवावे आणि पुढच्या सोमवारी गट पाडताना त्या मुलाला अशा दोघांमध्ये बसवावे, ज्यांच्याशी त्याची रेघ जुळण्याचा संभव आहे. महिन्याने पुन्हा विचारावे आणि नवे चित्र जुन्याशेजारी ठेवून पाहावे.